अंगात कणकण, रिपोर्ट नॉर्मल: ताण आणि तापाच्या बाबतीत या चुका टाळा

माझा भाचा पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतो. गेल्या वर्षी मुख्य परीक्षेच्या थोडं आधी एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला, तर सॅकमधून पुस्तकांऐवजी रिपोर्टांची फाईल निघाली. सीबीसी तीनदा, विडाल (टायफॉइडसाठीची रक्ताची टेस्ट) दोनदा, डेंग्यू, मलेरिया, लघवी, छातीचा एक्स-रे. सगळं नॉर्मल. विडालमध्ये तेवढं १:८०, म्हणजे थोडंसं पॉझिटिव्ह होतं आणि त्यापायी अँटिबायोटिकचे दोन कोर्स पोटात गेले होते. तरी रोज संध्याकाळी अंगात कणकण, डोळे जड, थर्मामीटरवर ९९.४, ९९.६. शेवटच्या डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून पाठीवर थाप मारून वाटेला लावलं होतं. ते त्याला फार लागलं होतं. "मामा, टेन्शनने झोप उडेल, भूक मरेल. थर्मामीटरचा आकडा कसा वाढेल?"

वाढतो. आपल्या भाषेत मनस्ताप, संताप, डोक्याला ताप हे शब्द पूर्वीपासून आहेतच, पण शब्दांवरून निदान करता येत नाही, म्हणून जरा खोलात जाऊ.

संसर्ग झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचं रसायन तयार होतं. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला तापमान वर न्यायला लावतं. ताणातला ताप या वाटेने येत नाही. तो येतो सिम्पथेटिक मज्जासंस्थेतून, म्हणजे जिच्यामुळे पेपर हातात पडताना छाती धडधडते आणि बोटं गार पडतात तिच्यातूनच. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत कोंडते. शिवाय ब्राउन फॅट नावाची खास चरबी उष्णता तयार करायला लागते. ताणाचा निरोप मेंदूच्या पुढच्या भागातून हायपोथॅलॅमसपर्यंत कसा पोचतो, हे जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली उंदरांमध्ये दाखवलं. माणसांबद्दल सगळ्यात नेमकं लिहिलंय ते ताकाकाझू ओका या जपानी डॉक्टरांनी, २०१५ साली. त्यांच्या नोंदींत दोन तऱ्हा दिसतात. काहींचा ताप एखाद्या धक्क्याच्या प्रसंगी एकदम चढतो, क्वचित ४१ अंश सेल्सिअसपर्यंत. काहींचा महिनोन् महिने ३७ ते ३८ अंशांत, म्हणजे ९८.६ ते १००.४ फॅरनहाइटच्या मध्ये रेंगाळतो. भाच्याची तऱ्हा दुसरी होती. पण ते कळायला आम्हाला बराच उलटसुलट प्रवास करावा लागला, कारण वाटेत सगळ्या चुका करून झाल्या.

ताप नसताना ताप मानणं

९८.६ हा आकडा आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय की ९९ दिसलं की घरात खिचडी शिजते. हा आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांच्या १८६८च्या ग्रंथातला. १९९२ साली अमेरिकेत निरोगी तरुणांचं तापमान नीट मोजलं, तेव्हा सरासरी ९८.२ आली आणि निरोगी माणसाची वरची मर्यादा ९९.९ निघाली. तापमान पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारी चार ते सहाच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. बायकांमध्ये पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत ते थोडं चढलेलंच असतं.

त्यात आपण मोजतो कधी? भाचा अभ्यासिकेतून निघायचा, टपरीवर कटिंग मारायचा, तीन जिने चढून पत्र्याखालच्या खोलीत यायचा आणि लगेच थर्मामीटर जिभेखाली. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत थर्मामीटर नुसता टेबलावर ठेवला तरी काहीतरी दाखवेल. चहा-पाणी पिऊन अर्धा तास जाऊ द्या, तेवढाच वेळ पंख्याखाली बसा आणि मग मोजा. रोज एकाच जागी मोजा, तोंडात तर तोंडातच. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, त्यामुळे आज इथे, उद्या तिथे केलं की हिशेबच लागत नाही. गेटवर कपाळाला लावायचं ते पिस्तूल सोडूनच द्या.

तपासण्यांच्या आधी 'टेन्शन' म्हणून मोकळं होणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ताणाचा ताप ही खरी गोष्ट आहे हे एकदा कळलं की माणसाला तेच सगळीकडे दिसायला लागतं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा मुलगा अमेरिकेला गेला आणि त्यानंतर त्यांना रोज संध्याकाळी बारीक ताप यायला लागला. कारण सगळ्यांना पाठ: "एकुलता एक गेला ना, मनाला लावून घेतलंय." दीड महिना असाच गेला. त्या काळात काकूंनी ब्लाउज दोनदा आतून शिवून घेतले होते, पण ती शिलाई कोणी लक्षण म्हणून मोजली नाही. शेवटी मानेतली गाठ हाताला लागली आणि टीबी निघाला. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास पाव रुग्ण भारतात आहेत. संध्याकाळचा ताप, रात्री घामाने भिजणं, वजन उतरणं आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला यांपैकी काहीही असेल तर मनाकडे वळायच्या आधी थुंकी आणि एक्स-रे. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यांत मोफत होते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच कॉट लावून राहणाऱ्या मुलांनी तर हे टाळूच नये.

थायरॉइड वाढला तरी अंग गरम, छातीत धडधड, हाताला कंप, वजन कमी. थेट 'टेन्शन'चंच चित्र. एक टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी केली की उलगडतं. सांधे सुजणं, तोंड येत राहणं, अंगावर पुरळ असं सोबत असेल तर ती वेगळी दिशा. आणि जुलै ते ऑक्टोबरात पुण्यात कोणाला १०२ ताप भरला तर बॉसचं नाव घेऊ नका, डेंग्यूची एनएस१ करा, तीही पहिल्या चार-पाच दिवसांत. १०१ पेक्षा जास्त ताप तीन आठवडे येतोय आणि कारण सापडत नाही, या प्रकाराला वैद्यकशास्त्रात १९६१ पासून स्वतंत्र व्याख्या आहे. तो फिजिशियनचा विषय, समजूत घालायचा नाही.

तापाव्यतिरिक्तही हीच गल्लत होते. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा हातापायांना मुंग्या येणं हे लक्षण सगळ्या शहराला कळलं. मुंग्या घाबरल्यावरही येतात. पण त्या ओठांभोवती आणि बोटांत येतात, श्वास शांत झाला की जातात. जीबीएसमध्ये पायांतली ताकद जाते, बहुतेक वेळा खालून वर, आणि तासागणिक, दिवसागणिक वाढत जाते. उकिडवं बसून उठता येत नसेल तर वाट बघायची नाही.

गोळीवर गोळी

पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची वाट अडवतं. ताणाचा ताप त्या वाटेने येतच नाही, म्हणून गोळीने तो सहसा हलत नाही. भाचा मात्र ६५०ची गोळी दिवसाला चार-चार वेळा घेत होता, "उतरत नाही म्हणून". मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे अशा सहा गोळ्यांतच संपते, आणि पुढचा भार यकृतावर. सर्दीच्या गोळ्यांमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, ते कोणी मोजत नाही. उलट तर्कही नको: गोळीने उतरला नाही म्हणजे ताणच, असं नसतं.

विडालच्या नादी लागणं

ही टेस्ट १८९६ची आहे. जिथे टायफॉइड नेहमीचाच आहे तिथे जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे ती थोडीफार पॉझिटिव्ह येतेच. एकट्या विडालवर अँटिबायोटिक सुरू झालं की खरा टायफॉइड असला तरी नंतर ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, सापडणं अवघड होतं. कल्चर आधी, औषध नंतर, हे डॉक्टरांना विचारायला संकोच कशाला?

वही न ठेवणं

आमचं कोडं फाईलने नाही, वहीने सोडवलं. माझ्या बायकोने त्याला चाळीस पानी वही दिली. दिवसातून तीनच वेळा मोजायचं आणि समोर त्या दिवशी काय झालं ते एका ओळीत. तीनपेक्षा जास्त नाही, कारण दर तासाला थर्मामीटर लावणारा माणूस आकड्याच्या धास्तीनेच तापतो. एक पान असं होतं:

सोमवार. ७ वाजता ९७.९, १ वाजता ९८.५, ६ वाजता ९९.५. संध्याकाळी टेस्ट सिरीज.
बुधवार. ७ वाजता ९९.३. सकाळी पेपर. ६ वाजता ९८.७.

मग तो गौरी-गणपतीला चार दिवस साताऱ्याला गेला. चारही दिवस संध्याकाळचा आकडा ९८.६च्या वर नाही. वजन महिनाभर जैसे थे. आमच्या ओळखीच्या एका वयस्कर फिजिशियननी जाडजूड फाईल बाजूला सारली आणि ही चार पानं वाचली. ताप घड्याळाप्रमाणे नाही, पेपरांप्रमाणे हलतोय, हे त्यांनी बुधवारच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि टीएसएच एकदा करून घेतली, नॉर्मल आल्या, आणि मग अँटिबायोटिक बंद.

स्पर्धेच्या आधी मुलांचं तापमान वाढतं, हे १९६० साली बॉक्सिंगच्या मुलांवर मोजून झालेलं आहे. त्यामुळे भाच्याचं काही जगावेगळं नव्हतं.

'सगळं मनाचं आहे' असं बोलणं

ऐकणाऱ्याला यातून 'तू नाटक करतोयस' एवढंच ऐकू येतं. पाठीवर थाप मारणाऱ्या त्या डॉक्टरांचं निदान बहुधा बरोबरच होतं, चुकलं ते सांगणं. थर्मामीटरवरची उष्णता खरी आहे, फक्त ती जंतूंमुळे नाही, एवढं सांगितलं असतं तर पुढचे दोन आठवडे तरी वाचले असते. शिवाय 'टेन्शन घेऊ नकोस' हा उपचार नव्हे. उपचार म्हणजे झोपेची वेळ ठरवणं, रात्री अकरानंतर टेलिग्रामचे ग्रुप बंद, टेस्ट सिरीज दोनवरून एकावर आणणं आणि गरज पडली तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. ओकांच्या रुग्णांनाही तापाच्या औषधांनी नाही, तर चिंता कमी करणाऱ्या औषधांनी, मानसोपचाराने किंवा मूळ अडचण सुटल्यावर बरं वाटलं. कुठे जायचं सुचत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.

भाच्याचा ताप लगेच गेला नाही. परीक्षेपर्यंत अधूनमधून ९९.३ दिसतच होतं, फक्त तो आता त्यासाठी लॅबमध्ये जात नव्हता. डॉक्टरांनी एकच अट घातली होती: दर रविवारी त्याच वजनकाट्यावर वजन, आणि दोन किलो उतरलं, खोकला लागला किंवा आकडा शंभराच्या पुढे गेला तर 'ताण' हे निदान रद्द समजून परत यायचं. मेसशेजारच्या मेडिकलबाहेरच्या काट्यावर तो अजूनही रविवारी चढतो.