पीएनसी वॉर्डात नवीन आहात? आधी हात मागे घ्यायला शिका

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून पहिल्यांदा पीएनसी वॉर्डात, म्हणजे बाळंतपणानंतर आई-बाळाला ठेवतात त्या वॉर्डात, ड्युटी लागलेल्यांसाठी हे लिहितेय. पहिल्या तासात अंगावर पाजायचं, सहा महिने फक्त आईचं दूध, चोवीस तासांत 8 ते 12 वेळा, मध-घुटी-पाणी काही नाही, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. व्हायवाला घडाघडा सांगितलंही असेल. वॉर्डाच्या भिंतीवर 2016 मध्ये सुरू झालेल्या 'मा' या सरकारी स्तनपान कार्यक्रमाचं पोस्टर असतं, त्यावरही हेच असतं. अडचण तिथे नसतेच. अडचण रात्री दोनला येते. बाळ किंचाळतंय, बाळंतीण रडतेय, शेजारच्या खाटेवरचं बाळही जागं झालंय आणि आजी म्हणतात, "सिस्टर, हिला दूधच नाही हो. वरचं काहीतरी द्या."

त्या वेळी आपले हात आपोआप पुढे जातात. एका हाताने स्तन धरायचा, दुसऱ्याने बाळाचं डोकं मागून पकडायचं आणि लावून द्यायचं. बाळ दोन मिनिटं प्यायल्यासारखं करतं, आजी खूश, आपण पुढच्या खाटेवर. हाच तो सापळा. मी यात इतकी अडकले होते की आज कुणाला तसं करताना पाहिलं की माझीच मान अवघडते. म्हणून यावर जरा जास्तच लिहिणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

एक तर बाळाचं शरीरच याला विरोध करतं. नवजात बाळाच्या डोक्यामागे दाब आला की ते डोकं मागे रेटतं, पाठीची कमान करतं. आपण अजून दाबतो, ते अजून रेटतं आणि रडतं. रडताना जीभ वर टाळ्याकडे जाते, मग तोंडात स्तन कोंबला तरी पकड बसत नाही. दोन-चारदा असं झालं की काही बाळं छातीजवळ नेल्या नेल्या रडायला लागतात. मग केस पेपरवर शेरा पडतो, 'बाळ ओढत नाही'. ओढत होतं हो. आपण त्याचं डोकं दाबत होतो.

दुसरं, ती बाई. टाके ताजे आहेत, झोप नाही, समोर अख्खा वॉर्ड, कुणाचे तरी मामा-काका डबा घेऊन दारात उभे, आणि एक अनोळखी सिस्टर न विचारता छातीला हात घालते. दुखणं, लाज, भीती या सगळ्याने पान्हा अडतो. दूध तयार असतं, पण ते बाहेर ढकलणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक ताणाखाली नीट काम करत नाही. म्हणजे घाईने केलेली आपली मदत दुधाच्या आडच येते.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात उशिरा कळलं: तुम्ही लावून दिलंत तर ती काहीच शिकत नाही. तुमची सकाळची ड्युटी दुपारी दोनला संपते. बाळाला पुन्हा चारला भूक लागते. तेव्हा तिच्याकडे तुमचे हात नसतात. लॅच स्कोअर, म्हणजे पाजणं कितपत जमतंय त्याचे गुण, तुम्ही शिकला असाल. पाच गोष्टी, प्रत्येकी शून्य ते दोन, एकूण दहा. त्यातली शेवटची गोष्ट म्हणजे धरणं. पूर्ण वेळ स्टाफने बाळ धरलं तर तिथे शून्य पडतो. एका बाजूला आपण दाखवलं आणि दुसऱ्या बाजूला तिने स्वतः लावलं तर एक. कुणाच्याही मदतीशिवाय जमलं तर दोन. हे नीट वाचलं तर काय करायचं ते त्यातच सांगितलंय. पण आपण बेरीज करतो आणि 'फीडिंग चांगलं' लिहून मोकळे होतो. न बघता तो शेरा लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मग हात मागे घेऊन करायचं काय? आधी पडदा ओढा. पडदा नसेल तर साडी बांधा, आणि नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर काढा. मग तिला बसवा. आपल्याकडच्या खाटांना पाठ टेकायला धड काही नसतं, तेव्हा गोधडी गुंडाळून कमरेमागे घाला, पायाखाली स्टूल द्या. बाई वाकली की संपलं. बाळाकडे छाती न्यायची नाही, छातीकडे बाळ आणायचं. मग एक दुपटं गुंडाळून बाळासारखं हातात घ्या आणि तुमच्या अंगावर करून दाखवा: बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, तळहात बाळाच्या खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली, डोकं मोकळं. नाक बोंडीच्या समोर. बोंडी वरच्या ओठाला हळूच लावायची आणि थांबायचं. थांबणं हेच अवघड आहे. बाळ जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेल, त्या क्षणी खांद्यांकडून जवळ घ्यायचं, हनुवटी आधी. नीट लागलं की खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, हनुवटी स्तनाला टेकलेली असते आणि काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो. गाल आत ओढले जात असतील, टच टच आवाज येत असेल, किंवा बोंडी बाहेर आल्यावर चपटी-तिरकी दिसत असेल तर पुन्हा. सोडवताना ओढायचं नाही, ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सारायची.

पहिल्या वेळी हे सगळं करायला अर्धा तास लागतो. हो, अर्धा तास. तीसेक बाळंतिणी आणि रात्री एक-दोन सिस्टर असताना कुठून आणायचा, असं विचाराल. बरोबर आहे तुमचं. मी तर दोन-तीन बाळंतिणींना जवळच्या खाटांवर बसवून एकदम दाखवते, ज्यांना जमलंय त्यांना शेजारणीला सांगायला लावते. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बोलणं माझ्यापेक्षा लवकर पटतं, हे मान्य करायला मला जड गेलं खरं.

हात कधीच लावायचा नाही का? तसं नाही. बाई स्पायनलखाली आहे, म्हणजे पाठीत दिलेल्या भुलीचा असर अजून आहे, बाळ निसटतंय, तर धराच. फक्त आधी विचारा, "ताई, मी हात लावू का?" आणि शक्यतो तुमचा हात तिच्या हातावर ठेवा.

आता 'दूधच नाही' याबद्दल. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी साधारण 2 ते 10 मिली लागतं, म्हणजे चमचा-दोन चमचे. चीक तेवढाच येतो आणि तेवढाच पुरतो. तिसऱ्या दिवशी ते 15 ते 30 मिलीवर जातं. हे आकडे आजींना सांगू नका, चमचा दाखवा. "आजी, एवढंसं पोट आहे, एवढंच लागतं." चीक काढून टाकायचा असतो असं म्हणणाऱ्या आजी अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घातलात तर हरलात. त्यांना कामाला लावा. बाळाची शी-शू मोजायला सांगा: पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. मोजणारी आजी तुमच्या बाजूला येते.

वजन पहिल्या काही दिवसांत उतरतंच. तीन किलोच्या बाळाचं दोनशे ग्रॅम उतरलं म्हणून घाबरायचं नाही. पण तीनशे म्हणजे दहा टक्के, तिथे बालरोगतज्ज्ञांना कळवायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. तसंच बाळ सुस्त आहे, उठवूनही पीत नाही, साखर कमी आहे, कावीळ वाढतेय, चौथ्या दिवशीही शी काळीच आहे, तर 'आईचं दूधच सर्वोत्तम' म्हणत बसू नका. स्तनपानाच्या नावाखाली बाळ उपाशी ठेवणं हा हट्ट झाला. ज्या बाईचा खूप रक्तस्राव झालाय तिला दूध उशिरा येऊ शकतं. वरचं दूध लागलं म्हणून तिला नापास झाल्यासारखं वाटू देऊ नका. आधी तिचं स्वतःचं काढलेलं दूध, मग सोय असेल तर दूधपेढीचं, मग डॉक्टरांनी लिहून दिलेलं पावडरचं. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 ला सुरू झाली. ग्रामीण रुग्णालयात अजून हाताने काढलेलं दूध आणि वाटी-चमचा हाच आधार आहे, आणि तो चांगला आधार आहे. बाटली मात्र नको.

पावडरच्या डब्याबद्दल माझं मत कडक आहे. रात्री दोनला डबा उघडणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, म्हणूनच तो वाईट. एकदा पोट भरून झोपलेलं बाळ चार तास अंगावर घेत नाही, दूध बनण्याचा इशारा शरीराला मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आजी म्हणतात, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" कंपनीचा माणूस पेन-डायरी, सॅम्पल घेऊन आला तर सरळ परत पाठवा. 1992 च्या कायद्याने हे बंद आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. "एक डबा ठेवून घ्या सिस्टर, गरिबाच्या उपयोगी पडेल" हे वाक्य ऐकाल, तेव्हा हा कायदा आठवा.

शिकायचं कुणाकडून? सगळ्याच सीनियर सिस्टर या बाबतीत गुरू नसतात. ज्यांचा हात सगळ्यात वेगात चालतो त्यांच्यामागे नवीन मुली धावतात. मी सांगेन, ज्या सिस्टर खाटेशेजारी स्टूल ओढून बसतात त्यांच्यामागे जा. वॉर्डातल्या मावशींकडे दुर्लक्ष करू नका. कुठली बाई पाजताना दात-ओठ खाते हे त्यांना आपल्याआधी कळतं. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघा, पण त्यातल्या बायकांना चार उशा आणि बंद खोली असते.

सिझरच्या बाईला कुशीवर झोपून पाजायला शिकवा, किंवा बाळ काखेखाली धरून, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. चपटी किंवा आत गेलेली बोंडी असेल तर घाबरवू नका. बाळ बोंडी पीत नाही, भोवतालचा काळा भाग तोंडात घेतं. तरी गरज पडली तर सिरिंजची युक्ती आहे: 10 मिलीची सिरिंज, टोकाची बाजू कापायची, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि गुळगुळीत बाजू बोंडीवर ठेवून हळू ओढायचा. हळू. आणि तिनेच ओढायचा.

सगळ्यात जास्त घोळ डिस्चार्जनंतर होतो. नॉर्मल बाळंतीण दोन दिवसांत घरी जाते आणि छाती दगडासारखी होते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. त्या वेळी काळा भाग इतका ताणलेला असतो की बाळाला पकडच मिळत नाही, आणि घरात पुन्हा 'दूध उतरत नाही' सुरू. म्हणून घरी सोडायच्या आधी हाताने दूध काढणं तिने तुमच्यासमोर एकदा केलंच पाहिजे. आधी गरम शेक, अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या कडेला, आधी छातीकडे मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोंडी पिळायची नाही. थोडं काढून भाग मऊ झाला की बाळाला लावायचं. पाजून झाल्यावर गार पट्टी. ताप आला, लालसर दुखरी गाठ झाली तर दवाखान्यात यायचं, पण पाजणं थांबवायचं नाही.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. तिसऱ्या दिवसाची भेट नेमकी छाती भरण्याच्या वेळेला पडते. डिस्चार्ज कार्डावर 'आई व बाळाची प्रकृती उत्तम' एवढंच लिहू नका. 'डाव्या बाजूला पकड नीट बसत नाही, काखेखाली धरून पाजावे' असं लिहा, आणि जमलं तर आशाताईंना त्याच दिवशी फोन करा.