ड्वार्फ फोर्ट्रेसमधील ज्वालामुखी खडकांचे थर : काय खणावे आणि काय शोधू नये

लाव्हा पृष्ठभागावर येऊन झपाट्याने थंड झाल्यावर जे खडक तयार होतात, त्यांपैकी बेसाल्ट, अँडेसाइट, डेसाइट, ऱ्हायोलाइट आणि ऑब्सिडियन हे पाच, बुटक्यांची भूमिगत वसाहत वसवण्याच्या या संगणकीय खेळात, थर म्हणून आढळतात. खणताना यांपैकी एखादा लागला, तर पहिला शोध हेमटाइटचा घ्यावा. कारण लोहखनिजांपैकी मॅग्नेटाइट आणि लिमोनाइट ही दोन्ही फक्त गाळाच्या खडकांत मिळतात, हेमटाइट मात्र इथेही शिरांच्या रूपात सापडते. शीर दिसली की तिच्या कडेकडेने खणत जावे, कारण ती वळणे घेत लांबवर जाते. भट्टीत हेमटाइटच्या एका दगडापासून लोखंडाच्या चार कांबी मिळतात. सोने आणि गॅलेना यांच्या शिराही याच थरांत असतात, आणि गॅलेनातून शिशाबरोबर कधीकधी चांदीही निघते. लालभडक सिनाबार पाहून मात्र हुरळून जाऊ नये. प्रत्यक्षात ते पाऱ्याचे खनिज असले, तरी खेळात त्यापासून कोणताही धातू मिळत नाही.

खरी अडचण पोलादाची आहे. पोलादाच्या प्रत्येक कांबीमागे लोखंडाची एक कांब, फ्लक्सचा (अशुद्धी काढण्यासाठी भट्टीत घालायच्या खनिजाचा) एक दगड आणि एक कोळसा लागतो, आणि ज्वालामुखी थरांत दगडी कोळसाही नसतो, चुनखडीसारखा फ्लक्सही नसतो. मॅग्मावर (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकावर) चालणाऱ्या भट्टीने जळण वाचते हे खरे, पण पोलादात मिसळायचा कोळसा त्याने सुटत नाही. म्हणून झाडे तोडून लोणारी कोळसा पाडण्याची तयारी आधीच ठेवावी. माझ्या मते याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे जागा निवडतानाच फ्लक्सची नोंद पाहणे आणि शक्यतो दोन भिन्न प्रदेशांच्या सीमेवर वसाहत वसवणे, म्हणजे एका बाजूला गाळाचे खडक मिळण्याची शक्यता राहते.

ऑब्सिडियनला या थरांत तोड नाही. बाकीच्या चार खडकांपेक्षा त्याचे मूल्य तिप्पट असते, आणि कारागिराच्या कार्यशाळेत एक दगड व एक ओंडका एवढ्यावर आखूड तलवार तयार होते, त्यामुळे धातू हाती येण्यापूर्वीच सैनिकांच्या हाती शस्त्र देता येते. तो संपला, तरी मॅग्मावर पाणी सोडून नवा घडवता येतो. मॅग्माजवळ बसवायच्या झडपा आणि यंत्रणांसाठी बेसाल्ट किंवा ऑब्सिडियनच वापरावा, कारण हे दोन्ही मॅग्मात वितळत नाहीत. खणताना दगड गरम असल्याची सूचना येऊन काम थांबले, तर शेजारी मॅग्मा आहे असे समजावे आणि मध्ये किमान एक भिंत राखूनच पुढचा बोगदा आखावा.