जवळच्या शंभरात संख्या कशी सांगायची?

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. ती जवळच्या शंभरात सांगायची, तर शतकाच्या घरातला ६ धरा आणि त्याच्या लगेच उजवीकडचा अंक बघा: ४. पाचापेक्षा लहान, म्हणून ६ तसाच ठेवायचा, पुढच्या दोन्ही घरांत शून्य. उत्तर १,६००. तिथे ५ किंवा त्याहून मोठा अंक असता, तर ६ चा ७ झाला असता.

घोळ होतो तो टप्प्याटप्प्याने गेल्यावर: आधी १,६५०, मग १,७००. साफ चूक! १,६४६ पासून १,६०० फक्त ४६ ने दूर, १,७०० मात्र ५४ ने. एककाकडे बघायचंच नाही.

शतकाच्या घरात ९ असेल तर हातचा सांभाळा: ३,९७२ चे ४,००० होतात, ३,००० नव्हे.