उंदरांचा सेप्सिस माणसाशी ताडताना या चुका टाळा

सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला, अवयव बिघडवणारा बेताल प्रतिसाद) सेमिनारला दरवर्षी कुणीतरी तीच स्लाइड लावतं: उंदीर वाचले, म्हणजे औषध चांगलं. आधी बघा, ते औषध दिलं कधी. 1985 च्या गाजलेल्या प्रयोगात टीएनएफविरोधी (टीएनएफ म्हणजे दाह वाढवणारं शरीरातलं प्रथिन) प्रतिपिंडांनी उंदीर वाचले. पण ती प्रतिपिंडं एंडोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणातलं विष) टोचण्याआधी दिली होती. पुढे माणसांवरच्या चाचण्यांत ही कल्पना टिकली नाही.

आणि आमच्या वॉर्डात सेप्सिस घेऊन कोण येतं? तुरीचं धसकट पायात घुसलेलं, त्यावर हळद दाबलेली, गावातच दोन सलाइन झालेली, शुगर तीनशेच्या वर, वय साठ. कधी लागलं विचारलं तर बायको म्हणते, "बाजाराच्या आधी लागलं असंन जी." पेपरातल्या उंदराचा शून्य तास, म्हणजे आजार सुरू केल्याची वेळ, मिनिटानिशी ठाऊक असतो. शिवाय तो बहुधा आठ-बारा आठवड्यांचा, धडधाकट, निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेला. म्हणून पेपर वाचताना वय, जोडीचे आजार, अँटिबायोटिक आणि सलाइन दिलं का, हे समासात लिहून घ्या. बऱ्याचदा रकाना कोराच राहतो.

एंडोटॉक्सिन टोचणं म्हणजे सेप्सिस नव्हे. त्यात वाढणारे जंतूच नसतात. डोसचं एककही नीट वाचा. स्वयंसेवकाला किलोमागे 2 ते 4 नॅनोग्रॅममध्ये थंडी वाजून ताप भरतो. उंदीर मारायला मिलिग्रॅम लागतात. एक अक्षर चुकलं की दहा लाखांचा फरक! (माझंही चुकलं होतं, भर सेमिनारात.)

उंदरांत सेप्सिस घडवायची दुसरी पद्धत सीएलपी: त्यात अंधांत्र (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) बांधून सुईने भोक पाडतात. किती लांबीवर बांधलं, सुई कितीची, यावर मृत्यूचं प्रमाण बदलतं. नुसतं 'सीएलपी केलं' एवढ्यावर दोन पेपर शेजारी ठेवू नका. आणि उंदराला ताप शोधत बसू नका, तो बहुधा गार पडतो.

पीएनएएस या विज्ञान नियतकालिकातला 2013 चा, उंदरांतले जनुकांचे बदल माणसाशी जुळत नाहीत म्हणणारा पेपर दाखवून 'उंदीर निरुपयोगी' म्हणणंही घाईचं. त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने तीच माहिती पुन्हा तपासून उलट निष्कर्ष काढला. या दुसऱ्या गटाने माणूस आणि उंदीर दोन्हींत ठळक बदललेली जनुकंच निवडली होती. माझ्या मते दोघांचे प्रश्नच वेगळे होते. स्लाइडवर दोन्ही लावा, आणि जनुकं कशी निवडली ते खाली लिहा. परीक्षक नेमकं तेच विचारतात.