सीपीयू उघडण्याआधी: स्लो हार्ड डिस्क तपासायची तयारी

विंडोज सुरू होईस्तोवर चहा पिऊन होतो, एक्सेलची फाइल उघडता उघडत नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात कायम १०० टक्के. अशा वेळी कोणी फॉरमॅट मारतं, कोणी कुठलासा 'क्लीनर' टाकतं. दोन्ही थांबवा. डिस्क नुसती कामात बुडाली आहे की मरणपंथाला लागली आहे, हे आधी कळू द्या. तोवर तिच्यावर जितकं कमी लिहिलं जाईल तितकं बरं.

म्हणून सगळ्यात आधी हवी ती रिकामी एक्स्टर्नल डिस्क, तुमच्या डेटापेक्षा मोठी. पेनड्राइव्हवर भागवू नका. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल जातच नाही. मुंजीचा व्हिडिओ नेमका तिथे अडकतो. कॉपीचा क्रम कागदावर लिहून ठेवा. पुन्हा मिळणार नाही ते आधी: फोटो, टॅलीचा डेटा, स्कॅन केलेली कागदपत्रं. सिनेमे शेवटी, किंवा राहिले तरी चालतील. डीटीपीचं काम असेल तर फॉन्टचं फोल्डरही घ्या. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवायचे. पेजमेकरच्या फाइली वाचल्या आणि फॉन्ट गेले, तर लग्नपत्रिकेच्या जागी नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आत्ताच लिहून घ्या, आणि ती त्याच डिस्कवर ठेवू नका.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा; त्याची पोर्टेबल आवृत्ती इन्स्टॉल करावी लागत नाही. त्यात डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दिसतात. बघायच्या चारच: ०५, सी५, सी६ आणि सी७. आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, दिसतात, म्हणून १० दिसलं की ते १६ समजा, नाहीतर मेनूतून दशमान निवडा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे. हा आकडा छोटा आणि महिनोन्‌महिने स्थिर असेल तर मी फार घाबरत नाही, पण एकुलता एक डेटा त्या डिस्कवर ठेवतही नाही. सी५ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट बघणारे सेक्टर, सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. हे वाढताना दिसले तर ना डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं), ना चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी). आजारी डिस्कला पूर्ण तपासणीचे तास झेपत नाहीत. फक्त कॉपी. कॉपी मधेच अडकत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हाताशी असावं. ते नीट वाचता येणारा भाग आधी काढतं आणि हट्टी सेक्टरांकडे नंतर वळतं. आणि डिस्क टक्‌टक्‌ वाजत असेल तर वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

सी७ म्हणजे डेटा ने-आण करताना झालेल्या चुका. हा मात्र बहुतेक वेळा डिस्कचा दोष नसतो, डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. म्हणून एक जादा केबल आणून ठेवा, स्वस्तात मिळते. हा आकडा कधी शून्यावर येत नाही. आजचा टिपा, केबल बदला, आठवड्याने वाढलाय का बघा. सीपीयू उघडायला स्टार स्क्रूड्रायव्हर आणि धूळ झाडायला रंगाचा कोरडा ब्रश पुरे. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. यूपीएस नसेल तर वीज जाण्याचा दिवस टाळा. पुण्यात असाल तर गुरुवार नको.

नोंदी स्वच्छ आणि केबलही ठीक, तरी १०० टक्के? मग रिसोर्स मॉनिटर उघडून डिस्कच्या टॅबमध्ये कोण काय वाचतंय ते बघा: विंडोज अपडेट, अँटिव्हायरस, सर्चचं इंडेक्सिंग, किंवा ४ जीबी रॅम पुरत नाही म्हणून तिच्याऐवजी सतत वापरली जाणारी डिस्कवरची पेजफाइल. यात डिस्कचा गुन्हा नाही. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा खाली यायला सरासरी ४, आणि हेड तिथवर न्यायला आणखी ८-९. सेकंदाला साधारण पाऊणशे ते ऐंशी विखुरलेली वाचनं, बस्स. प्रत्येक ४ केबीचं धरलं तर ३०० केबीच्या आसपास! तीच डिस्क सलग मोठी फाइल सेकंदाला १५० एमबीने देऊ शकते. विंडोज १० आणि ११ला असली बारीकसारीक वाचनं सतत लागतात, म्हणून सी ड्राइव्हसाठी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, हाच खरा उपाय.

तो घ्यायचा तर मदरबोर्डवर रिकामा साटा पोर्ट आणि पॉवर सप्लायची मोकळी पिन आहे का, आधी बघून या. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे खाच नसेल तर डबल टेपनेही चिकटवता येते. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, एसएसडीवर झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोघींची ओळख सारखीच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करतं, किंवा कॉम्प्युटर जुनीवरूनच सुरू होतो आणि फरक काहीच पडला नाही असं वाटतं.