फॉरमॅट मारण्याआधी

‘कॉम्प्युटर फार स्लो झालाय, एकदा फॉरमॅट मारून टाकू’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू, असं ठरलं, की आधी थोडं थांबा आणि मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघा. नेहमीची कामं चालू ठेवूनच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे हलताना दिसतात. इथली मेमरी म्हणजे रॅम, हातातलं काम तात्पुरतं मांडायची जागा. मशीन बंद केलं की ती रिकामी होते. डिस्क म्हणजे कायमचं कोठार. ‘मेमरी फुल’ म्हणून तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा डिस्क भरलेली असते, आणि मग रॅम वाढवून काहीच साधत नाही. मेमरीचा आकडा सतत ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम अपुरी आहे; फॉरमॅट मारून ती वाढत नाही. डिस्कचा आकडा ती किती भरली ते नाही, किती कामात गुंतली आहे ते सांगतो. तो सारखा १०० टक्क्यांवर असेल आणि ती जुनी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवा. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते, वाचणारा दांडा योग्य जागी पोचेपर्यंत सगळं खोळंबतं. एसएसडीत हलणारा भागच नाही. जुन्या मशीनला यापेक्षा मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडलेला मी पाहिलेला नाही.

आता बॅकअप. इथे मी पुन्हा पुन्हा एकच सांगते: डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी ही बहुतेक घरी एकाच डिस्कची दोन पार्टिशन्स असतात, म्हणजे एकाच कपाटाचे दोन कप्पे. माझ्या बहिणीने मुलाच्या लहानपणचे सगळे फोटो ‘सुरक्षित राहतील’ म्हणून डीमध्ये ठेवले होते. दुरुस्तीवाल्याने सगळी पार्टिशन्स उडवली आणि फोटो गेले. हे इतकं सहज का घडतं, ते इन्स्टॉलेशनचा स्क्रीन पाहिला की कळतं. तिथे सी, डी ही अक्षरं नसतात. ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’ एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढे आकार. म्हणून कुठलं पार्टिशन किती जीबीचं आहे ते आधीच कागदावर लिहून ठेवा. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ दिसेल. घाबरू नका, बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या.

फाइली वेगळ्या, बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार-पाच दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं सहसा सीमध्येच असतं, हे विसरू नका. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्डही तिथेच असतात. युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं असतील तर तो फॉन्टही कॉपी करा, नाहीतर फाइल उघडेल पण अक्षरांच्या जागी खुणा आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. डीवर बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या. नव्या विंडोजमध्ये तो ड्राइव्ह उघडायला तीच लागू शकते. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या कीसुद्धा त्याच कागदावर.

कोणती विंडोज टाकायची? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. ४ जीबीवर ११ चालते, पण माझ्या मते ८ च्या खाली त्रासच.

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला एखाद्या भागाशी बोलायला शिकवणारं छोटं सॉफ्टवेअर. वायफायचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, कारण तो नसला तर नेट नाही, आणि नेट नसलं तर तो उतरवणार कसा? त्यासाठी लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर लागेल.

इन्स्टॉलेशनसाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. तो तयार करताना पूर्ण पुसला जातो, त्यामुळे त्यावर बॅकअप नको. चार्जर लावा. बॅकअपची डिस्क मात्र काढून बाजूला ठेवा, नाहीतर इन्स्टॉलेशनच्या स्क्रीनवरच्या पार्टिशनच्या यादीत तीही ‘ड्राइव्ह १’ म्हणून उभी राहील.