जुनी रेड वाइन घरात जपताना या चुका टाळा

एकाच मळ्यातल्या जुन्या वेलींची चांगली रेड वाइन वीस-तीस वर्षं मुरते, ती तिच्यातल्या टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) आणि आम्लाच्या जोरावर. ऑस्ट्रेलियातल्या ईडन व्हॅलीची ‘हिल ऑफ ग्रेस’ घ्या: शिराझ जातीच्या द्राक्षाच्या सर्वांत जुन्या वेली १८६० च्या आसपासच्या, पहिला हंगाम १९५८ चा. अशी बाटली बेळगावच्या घरात एका उन्हाळ्यात बिघडू शकते.

‘बेळगावची हवा थंडच’ हा समज सर्वांत महाग पडतो. रात्री गार वाटतं हे खरं, पण एप्रिलच्या दुपारी पारा ३५ अंशांवर जातो. अथणी-चिकोडीकडे त्याहून वर. वाइनला १२ ते १४ अंश लागतात, तेही कायम. रोजच्या चढउतारापेक्षा स्थिर १८ अंश परवडले. तापल्यावर वाइन फुगून बूच वर ढकलते, निवताना बुचाच्या कडेने हवा आत ओढते. बूच वर आलेलं किंवा मानेवर चिकट ओघळ दिसला तर ती बाटली जपू नका, विकतही घेऊ नका.

म्हणून माळा, स्वयंपाकघर आणि पश्चिमेची भिंत वर्ज्य. वाइनचा फ्रिज घेतलात तर तो इन्व्हर्टरवर चालेल का ते आधी तपासा, आणि वीज गेल्यावर दार उघडू नका. साध्या फ्रिजमध्ये काही आठवडे चालेल. महिनोन् महिने ठेवल्यास कोरड्या हवेने बूच आक्रसतं. बाटली आडवी, अंधारात.

खानापूरकडच्या पावसाळ्यात उलटा त्रास. दमटपणाने बूच बिघडत नाही, पण लेबलला बुरशी येते आणि संग्राहकाला लेबल मोलाचं. लेबल कोरडं असतानाच बाटलीला पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, पुठ्ठ्याचं खोकं काढून टाका. ओल्या फडक्याने पुसलंत तर शाई जाते.

उघडण्याआधी एक-दोन दिवस बाटली उभी ठेवा, गाळ तळाशी बसू द्या. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे आपल्या खोलीचं नव्हे. १६ ते १८ अंश हवं, म्हणून उन्हाळ्यात बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये, तीही उभीच. जुनं बूच स्क्रूने तुटतं. दोन पात्यांचं ओपनर कडेने डुलवत खाली सरकवा, मग पिळत वर ओढा. मानेखाली टॉर्च धरून एका दमात, सावकाश दुसऱ्या भांड्यात ओता. गाळाची काळी रेघ खांद्याशी आली की थांबा. तरुण वाइनला दोन तास हवा देतात, तशी तीस वर्षांच्या वाइनला दिलीत तर वास उडून जातो. ओतली की लगेच प्या, आणि त्याच रात्री संपवा.

सोबत तांबडा रस्सा नको. तिखटाने अल्कोहोल जिभेला झोंबतं आणि बाकी चव दबते. कमी तिखटाचं, मिरीचं सुकं मटण उत्तम.

ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचातला, टीसीए नावाच्या रसायनाचा. साठवण कितीही नीट असली तरी तो येऊ शकतो, आणि हवा देऊन जात नाही.